कपाटातली जन्मठेप

“मी कळंब्याला असतो” हे वाक्य मी हल्ली जपून उच्चारतो. कोल्हापूर जिल्ह्यात हे वाक्य ऐकलं की समोरचा माणूस अर्धं पाऊल मागं सरकतो आणि आवाज उतरवून विचारतो, “किती वर्षांची?” त्याची काही चूक नाही. कळंबा हे कोल्हापूरच्या दक्षिणेला, गारगोटी रस्त्यावरचं साधंसुधं गाव. तिथं देखणा तलाव आहे, तलावाकाठी पहाटे फिरणारे मधुमेही आहेत, माझ्यासारखे घराचे हप्ते फेडणारे आहेत. पण गावाचं नाव सर्वदूर गाजवलं ते मध्यवर्ती कारागृहानं. आम्ही बाकीचे त्या भिंतीच्या बाहेर राहतो, एवढाच आमचा मोठेपणा.

त्यातून मी नोकरी करतो बँकेत, आणि तीही ठेवींच्या काउंटरवर. म्हणजे दिवसभर मुदत ठेव आणि रात्री शेजाराला जन्मठेप. या दोन्ही ठेवींची मला सवय झाली आहे. माझं भांडण आहे ते तिसऱ्या ठेवीशी. ती माझ्याच घरात, लोखंडी कपाटाच्या वरून दुसऱ्या कप्प्यात, डांबराच्या गोळ्यांच्या पहाऱ्यात आहे. तिला आमच्याकडे ‘ठेवणीतलं’ म्हणतात.

वाचकहो, मी आज भांडायलाच बसलो आहे, तेव्हा माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. जे कापड आपल्याला सगळ्यांत जास्त आवडतं, त्याला कात्री लावावी. त्याची पिशवी शिवावी, अभ्रा शिवावा, टेबलावरचं कापड करावं, वाकळ करावी. रोज हाताला लागेल असं काहीतरी करावं. हे मी पहिल्यांदा घरात बोललो तेव्हा सौ.नं गॅस बारीक केला, बाहेर आली आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

आता आमच्या घरातला अलिखित कायदा पाहा. जे कापड सर्वांत कुरूप, त्याची वस्तू सर्वांत जास्त वापराची. माझी भाजीची पिशवी एका कैलासवासी पॅंटच्या उजव्या पायाची आहे. पॅंट होती तेव्हाही तिच्या चौकड्या कुणाला बघवत नव्हत्या, म्हणून तर ती लवकर निवृत्त झाली. मिक्सरवरचं झाकण ज्या पडद्याचं आहे, तो पडदा खिडकीवर असताना आम्ही खिडकीकडे पाठ करून बसत होतो. माझ्या उशीचा अभ्रा कुणाच्या तरी बारशात आलेल्या कापडाचा आहे. त्यावरच्या फुलांना वनस्पतिशास्त्रात नाव नाही. म्हणजे नावडतं कापड वर्षातले तीनशे पासष्ट दिवस डोळ्यांसमोर, आणि आवडतं कापड दसऱ्याला कपाट आवरताना पाच मिनिटं! “बाई बाई, किती सुंदर!” एवढं म्हणायचं, एकदा हात फिरवायचा आणि परत कोठडीत.

एका चौथ्या शनिवारी बँक बंद असताना मी त्या कप्प्याची रीतसर तपासणी केली. हातात वही, कानाला पेन्सिल. सौ. दारात उभी होती, शाखेचा मॅनेजर ऑडिटरसमोर उभा राहतो तशी.

पहिली नोंद: ब्लाऊजपीस, नग तेवीस. हे आवडतं कापड नव्हेच. हे चलन आहे. ऐंशी सेंटिमीटरचा हा तुकडा कधी शिवण्यासाठी जन्माला येतच नाही. तो ओटीत येतो, दुसऱ्या ओटीत जातो, तिसऱ्या घरातून चौथ्या घरी जातो. कॉमर्सला असताना फिशरसाहेबांचं पैशाच्या भ्रमणवेगाचं समीकरण मला कधी समजलं नाही. ते ब्लाऊजपीसनं समजावलं. आमचा एक पोपटी तुकडा तीन वर्षांनी आमच्याकडेच परत आला. कोपऱ्यावर माझ्याच अक्षरात ‘४०/-’ लिहिलेलं होतं.

खरी ठेव त्याच्या खाली होती. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचे दोन खण, एक जांभळा आणि एक गर्द हिरवा, सौ.नं बदामीच्या सहलीत दुकानदाराशी पाऊण तास हुज्जत घालून घेतलेले. शाहू मिलच्या सुती कापडाचा एक तुकडा, आत्यानं दिलेला. सोलापुरी चादरी चार, एकीचाही कागदी पट्टा सुटलेला नाही. आईचा शालू, मलमलीत गुंडाळलेला. आणि कडेला प्लॅस्टिकच्या कव्हरात माझा लग्नातला सूट. पण तो विषय वेगळा.

आमच्या बँकेत कर्जाचा हप्ता नव्वद दिवस थकला की ते खातं अनुत्पादक ठरतं. या नियमानं आमचं अख्खं कपाट अनुत्पादक ठरत होतं. ठेवीचंही तसंच. दहा वर्षं कुणी विचारपूस केली नाही तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. २०१४ सालापासून त्यासाठी स्वतंत्र निधीच आहे. पण तिथं वारस उभा राहिला तर पैसे परत मिळतात. दहा वर्षं न विचारलेलं कापड कसरीच्या निधीत जमा होतं, आणि तिथून परताव्याची सोय नाही.

माझ्याविरुद्ध पहिला आक्षेप आला तो असा: “एवढं चांगलं कापड पिशवीत वाया घालवायचं?”

मी विचारतो, वाया जाणं म्हणजे काय? वापरून विरणं म्हणजे वाया जाणं, की न वापरता कुजणं? कोल्हापूरचा पाऊस ज्यानं पाहिला आहे त्याला दमट हवा म्हणजे काय ते सांगायला नको. श्रावणात आमच्या कपाटाचं दार उघडलं की आत एखादं स्वतंत्र हवामान खातं असावं असं वाटतं. सुती कापडाला बुरशीचे ठिपके पडतात, जर काळवंडते, आणि वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी घडी राहिली की रेशमाचा धागा त्या घडीवरच तुटतो. आपल्या भाषेतसुद्धा नवी साडी पहिल्यांदा नेसण्याला ‘घडी मोडणं’ म्हणतात. आपल्या आज्यांना ठाऊक होतं की घडी ही मोडायची गोष्ट आहे. आपण ती जपायची गोष्ट करून टाकली. जन्मठेपेच्या कैद्याच्यासुद्धा सुटकेचा विचार चौदा वर्षांनंतर होऊ शकतो. आमच्या सोलापुरी चादरींना तेवढीही आशा नाही. त्यांना पाहुणे आले की दोन रात्रींचा पॅरोल मिळेल म्हणावं, तर पाहुण्यांनाही आम्ही जुनीच चादर देतो.

बरं, आपण काही कापडाच्या दुष्काळात राहत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात कापडगिरणी काढली. तासाभराच्या अंतरावर इचलकरंजी. तिथं विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढं गावाच्या गल्लीबोळांतून माग खडखडू लागले. स्वस्त कापड हवं तर गांधीनगरची बाजारपेठ आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी ती उभी केली. म्हणजे कापड विणणारे इथं, विकणारे इथं, आणि आम्ही मधल्यामध्ये घड्या घालून बसलेलो. यावर आत्याचं उत्तर तयार असतं. ती म्हणते, “अरं, पर शाहू मिलचं कापड आता कुठं मिळणार हाय? २००३ला मिल बंद पडली न्हवं?” अगदी खरं. म्हणूनच म्हणतो आत्या, की ज्या कापडाचा माग बंद पडला, त्या कापडाला निदान दिवसाचा उजेड तरी दाखवू या. गिरणी बंद पडली त्याची शिक्षा कापडाला कशाला?

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. तो माझ्या बँकेतल्या सहकाऱ्यांनी घेतला. “कशाला उपद्व्याप? दहा रुपयांत कापडी पिशवी मिळते की!”

मिळते. ती रंगीत, खरखरीत, हाताला कापडासारखी लागणारी पिशवी मीही वर्षभर अभिमानानं मिरवली. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकबंदी आली तेव्हा तर ती हातात धरून मी दोघांना पर्यावरणावर व्याख्यानही दिलं. नंतर कळलं की ती कापडी नव्हेच. ती पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकचीच. धागे विणण्याऐवजी उष्णतेनं एकमेकांना चिकटवलेले. केंद्र सरकारच्या २०२१ सालच्या नियमांतसुद्धा ती प्लॅस्टिकच्या पिशव्यांतच मोजली आहे, आणि तिचं वजन दर चौरस मीटरला निदान साठ ग्रॅम असावं अशी अट घातली आहे. मुंबईला जाऊन आलो म्हणावं आणि गाडी मिरजेलाच उभी असावी, तसं मला झालं.

मग खऱ्या सुती कापडाची नवी पिशवी घ्यावी काय? तिथंही हिशेब आहे, आणि हिशेब आला की मला राहवत नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानं २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नव्या सुती पिशवीनं पर्यावरणाचं जेवढं नुकसान होतं, ते प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला आणायचं तर ती किती वेळा वापरावी लागेल? नुसता हवामानबदल धरला तर बावन्न वेळा. पाण्यापासून ओझोनपर्यंत सगळे निकष धरले तर सात हजार शंभर वेळा! कापूस पिकवायला पाणी लागतं, खतं लागतात, सूत कातायला वीज लागते. मी आठवड्यातून दोनदा भाजीला जातो. म्हणजे वर्षाला एकशे चार फेऱ्या. सात हजार शंभर फेऱ्या पुऱ्या व्हायला अडुसष्ट वर्षं. मी आज सत्तेचाळीसचा आहे. एकशे पंधराव्या वर्षी मी भाजी आणून पिशवी खुंटीला अडकवीन आणि निसर्गाला म्हणेन, “घे, फिटलं.”

आता कपाटातल्या कापडाचा हिशेब मांडा. त्याचा कापूस केव्हाच पिकला, सूत केव्हाच कातलं, पैसे केव्हाच दिले. जमाखर्चाच्या भाषेत ही वस्तू पूर्ण घसारा होऊन पुस्तकात एक रुपयाला उरलेली आहे. तिच्यापासून पुढं जे मिळेल तो सगळा नफा. हा हिशेब मी जेवणाच्या सुट्टीत फळ्यासारखा मांडून दाखवला, तेव्हा सहकाऱ्यांनी तो मान्य केला आणि परत त्याच प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन घरी गेले.

काहीजण म्हणतील, मग भांडीवालीला द्या. दिलं आहे तेही. आमच्या दारात येणाऱ्या भांडीवालीचा विनिमय दर चलनबाजारातल्या कुठल्याही दराहून कठोर आहे. चार साड्या, दोन शर्ट आणि एक पॅंट, वर तिचे टोमणे. आणि पदरात काय, तर एक स्टीलचा डबा, ज्याचं झाकण त्याचं नाही. त्या डब्यात आता सौ. ब्लाऊजपीस ठेवते.

तर असा मी सर्व बाजूंनी विजयी होत असताना सौ.नं एकच प्रश्न विचारला. “शिवणार कोण?”

मी म्हणालो, “मी.”

शिवणयंत्राबद्दल माझ्या मनात तोवर आदर होता. यंत्रांबद्दल कडक बोलणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली शिवणयंत्राला अपवाद केलं. सिंगरनं बायकोचे कष्ट पाहून प्रेमापोटी हे यंत्र काढलं, असं त्यांनी म्हटलं होतं. प्रत्यक्षात सिंगरसाहेबांनी १८५१ साली पेटंट घेतलं खरं, पण प्रेमाच्या बाबतीत ते एका घरावर थांबणारे नव्हते. निरनिराळ्या घरांत मिळून त्यांना वीसांवर मुलं झाली. एवढ्यांचे कपडे शिवायचे म्हणजे यंत्र हवंच. १८५६ पासून त्यांच्या कंपनीनं यंत्रं हप्त्यानंही विकायला काढली. म्हणजे आज मी ज्या हप्त्यांवर जगतो, त्याची सुरुवातही शिवणकामातच आहे.

मी पहिला गुन्हा केला तो यंत्रावर बसण्याआधीच. पिशवीचा नमुना वर्तमानपत्रावर आखला आणि सौ.च्या कापडाच्या कात्रीनं तो कागद कापला. गृहिणीच्या कापडाच्या कात्रीनं कागद कापणं याला कोणत्या कलमाखाली शिक्षा आहे ते मला माहीत नाही, पण कळंब्याचं अंतर लक्षात घेता मला पायी जाता आलं असतं. दुसरा गुन्हा: चाक उलटं फिरवलं. दोरा खाली गुंतून त्याचं सुगरणीचं घरटं झालं. तिसरा: जुन्या धोतरावर सराव करताना पिशवीच्या चारही बाजू शिवल्या. सुबक शिवल्या. मुलगी म्हणाली, “बाबा, ही उशी आहे.”

मग सौ.ला राहवलं नाही. “उठा,” म्हणाली आणि बसली. आणि मग मला जे दिसलं ते मी वीस वर्षं एका घरात राहून पाहिलं नव्हतं. तिनं आधी खण पाण्यातून काढून वाळवला. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं, शिवल्यावर आटलं तर पिशवी तिरकी होते. मग उभा धागा पाहून सरळ कापला. खण पातळ, त्याला बटाट्याचं ओझं पेलायचं नाही, म्हणून आतून माझ्या जुन्या शर्टाचं अस्तर लावलं. तळाला दुहेरी शिलाई घातली. बंद जिथं जोडायचे तिथं चौकोन शिवून त्यात फुली मारली. “ओझं इथं येतं,” ती म्हणाली. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. ओझं कुठं येतं हे मला कुणी इतक्या थोडक्यात शिकवलं नव्हतं.

“एवढं येतं तुला, आणि त्या पॅंटच्या पायाची पिशवी का शिवलीस?”

“चांगलं मागितलंत कधी?” ती म्हणाली.

जांभळ्या खणाची ती पिशवी घेऊन मी भाजीला गेलो. नेहमीच्या भाजीवाल्या मावशी वांगी तोलत होत्या. त्यांनी पिशवीचं तोंड धरलं, काठावरून बोट फिरवलं आणि वांगी परत टोपलीत टाकली. “सायेब, ह्येच्यात वांगी नगं. काटं लागतील. मेथी घ्या.” आणि त्यांनी मागच्या टोपलीतली, म्हणजे त्यांच्या ठेवणीतली, ताजी जुडी काढून हलक्या हातानं आत ठेवली. पॅंटच्या पायात त्यांनी मला आजवर कधी निवडून भाजी दिली नव्हती.

राहिला तिसरा आक्षेप. तो मात्र हसण्यावारी नेता येत नाही. “आठवण आहे ती. आठवणीला कात्री लावायची?”

याचं उत्तर माझं नाही, माझ्या आईचं आहे.

आईकडे दोन साड्या होत्या ज्या तिच्या जिवाभावाच्या. एक शालू, १९७४ सालचा, तिच्या लग्नातला. दुसरी मोरपंखी सुती इरकल, लाल पदर, त्यावर पांढरे पट्टे. ती तिनं स्वतःच्या भिशीच्या पैशांतून घेतली होती. शालूला मान होता, पण जीव इरकलीवर होता. २००८ साली आमची मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी दुकानातून आणलेलं नवं कोरं दुपटं तिच्या अंगाला टोचत होतं. ती रडायची थांबेना. आईनं कपाटातून इरकल काढली. शेकडो पाणी प्यायलेली ती साडी सायीसारखी मऊ झाली होती. आम्ही सगळे ओरडलो. आत्या तर आडवी आली.

आई म्हणाली, “साडी पोरीपरास मोठी हाय व्हय? आणा हिकडं कात्री. मी कापतो, तुम्ही पदर धरा.” कोल्हापूरच्या बायका ‘मी कापतो’ म्हणतात तेव्हा पुण्याकडचे हसतात. पण त्या दिवशी आईनं ते म्हटलं आणि खरंच कापलं. आमच्यापैकी एकाही पुरुषाला ते जमलं नसतं.

अर्ध्या साडीची दुपटी झाली. उरलेली अर्धी तिनं पुढच्या उन्हाळ्यात वाकळीला वर लावली. दुपारी सोप्यात खाली एक जुनं लुगडं पसरायचं, चार कोपऱ्यांवर वरवंटा, पाट, डबा, जे हाताला लागेल ते वजन ठेवायचं. मध्ये वडिलांचे शर्ट, शिवण उसवून सपाट केलेले. माझा शाळेचा गणवेश, आत्याचं जुनं पातळ. वर इरकल. मग कडेपासून सुरू करून आत आत जाणारा धावदोरा. शेजारच्या दोन वैनी येऊन बसायच्या, एकेक कड धरायच्या, आणि वाकळीबरोबर गल्लीतली सगळी प्रकरणंही टाचली जायची. बंगालात अशाच जुन्या साड्यांचा कांथा करतात, आणि त्यासाठी रंगीत धागा जुन्या साडीच्या काठातूनच उपसून काढतात. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायका कवंदी शिवतात. म्हणजे ही काही आमच्या गल्लीची गरिबी नव्हे. पण आम्ही मध्यमवर्गीयांनी वाकळीला गरिबी म्हणून पोटमाळ्यावर टाकलं, दुकानातल्या गुबगुबीत रजया आणल्या, आणि आता प्रदर्शनात तीच वाकळ काचेमागं दिसली की तिच्या चिठ्ठीवरची किंमत वाचून “अस्सल हस्तकला!” म्हणतो.

आई २०१५ साली गेली. शालू आम्ही आठवण म्हणून मलमलीत बांधून ठेवला. मी तर कुणाला हातही लावू दिला नाही. २०२४ साली मुलगी म्हणाली, “बाबा, कॉलेजच्या कार्यक्रमाला आजीचा शालू नेसू?” माझा ऊर भरून आला. गाठ सोडली. आईच्या हातच्या घड्या होत्या; उलगडायला गेलो आणि पहिल्याच घडीवर शालू फाटला. दुसरी उलगडली, तिथंही. कुणी ओढला नव्हता, कुणी वापरला नव्हता. प्रत्येक घडीवर आपला आपणच चिरत गेला होता. मुलीनं ते तुकडे माझ्या हातातून काढून घेतले आणि मला म्हणाली, “असू दे बाबा. माझ्याकडे वाकळ आहे ना.”

ती आता पुण्याला वसतिगृहात असते. सामान बांधताना सौ.नं नवीन ब्लॅंकेट घातलं होतं. ते तिनं काढून ठेवलं आणि वाकळ घातली. तिच्या खोलीतल्या मुली म्हणे थंडीत त्या वाकळीसाठी भांडतात. मोरपंखी रंग आता उडालाय, एका कोपऱ्यावर चहा सांडलाय. पण आईची जी साडी आम्ही सगळे मिळून वाचवत होतो ती गेली, आणि जिला तिनं स्वतः कात्री लावली ती पोरीच्या अंगावर आहे. आठवण राहते कशात, हे मला आता कुणी विचारू नये.

मी अगदीच माथेफिरू नाही. कुणाकडे पिढ्यान्‌पिढ्यांची अस्सल पैठणी असेल तर तिच्या उशा करा असं मी म्हणणार नाही. ती नेसा. नेसवत नसेल तर निदान अधूनमधून घडी बदला. किंवा वस्तुसंग्रहालयाला द्या. तिथं ती जपणारी जाणती माणसं असतात. पण आपल्या कपाटांत वस्तुसंग्रहालयाच्या योग्यतेचं काय आहे? आपल्याला आवडलेलं, आपल्याच पैशांचं, साधं चांगलं कापड. ते ‘चांगल्या दिवसासाठी’ ठेवलं आहे म्हणे. मेथीची जुडी घेऊन घरी यायचा दिवस काय वाईट असतो?

इथं खरं म्हणजे लेख संपला होता. मी तो रविवारी सकाळी सौ.ला मोठ्यानं वाचून दाखवला. तिनं शेवटपर्यंत शांतपणे ऐकला. “पटलं,” म्हणाली. वीस वर्षांत हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला, म्हणून त्या आनंदात आंघोळीला गेलो. बाहेर आलो तर यंत्र चालू होतं आणि लोखंडी कपाट उघडं होतं. सोलापुरी चादर पलंगावर होती, तिचा कागदी पट्टा केरात होता. इथवर मी खूश होतो. मग मला यंत्राच्या सुईखाली काळसर निळं, बारीक रेघांचं काहीतरी सरकताना दिसलं.

“अगं, तो माझा सूट!”

“तुमचाच. लग्नानंतर एकदाही घातला नाहीत. आता बटण लागत नाही.”

“अगं, पण आठवण...”

ती काही बोलली नाही. फक्त टेबलावरचा माझा लेख उचलून माझ्यापुढं धरला, आणि ज्या पानावर तिसरा आक्षेप होता तिथं बोट ठेवलं.

मी दहा मिनिटं गॅलरीत उभा राहिलो. समोर कारागृहाची भिंत होती. त्या भिंतीआड शिवणकामाचा विभाग असतो, तिथं माणसं रोज कापड कापतात; त्यांपैकी कुणी कधी एवढा कळवळला असेल असं वाटत नाही.

पिशवी मात्र फर्मास झाली आहे. सुटाचा आतला खिसा तिनं तसाच ठेवला आहे, सुटे पैसे ठेवायला. काल भाजीवाल्या मावशींनी ती हातात घेऊन वजन केल्यासारखी खालीवर केली आणि म्हणाल्या, “कापड लई भारी हाय सायेब. सुटाचं दिसतंय.”

“लग्नातल्या,” मी म्हणालो.

मावशींनी मागची टोपली पुढं ओढली.